सपाटीला महाग

निघायच्या आदल्या दिवशी भाचीचा फोन आला होता. "मामा, चाकांची बॅग आणू नकोस, पाठीवरची आण." साठी उलटलेल्या माणसाने पाठीला सॅक लावून परदेशात उतरायचं हे काही मला पटेना, म्हणून मी चाकांचीच नेली. इटलीतल्या जेनोआच्या स्टेशनातून बाहेर पडल्यावर पंधराव्या मिनिटाला तिचं एक चाक निखळलं आणि उताराने जे गडगडत सुटलं ते खाली एका औषधांच्या दुकानाच्या पायरीला आपटूनच थांबलं. भाची काही बोलली नाही. आमच्या घराण्यात न बोलणं हेच बोलणं असतं.

ज्या वाटेवर हे झालं तिला तिकडे 'क्रोझा' म्हणतात. मधोमध विटांचा पट्टा, दोन्ही अंगांना बसवलेले गोल गोटे आणि त्यापलीकडे पुरुषभर उंचीच्या भिंती. डोंगराच्या उरावरून ती नाकासमोर वर चढते. माणसांच्या आणि खेचरांच्या पायांसाठी केलेली वाट. चाकाचा विचार तिच्या गावीही नाही. धापा टाकत वर पोचलो तर भाचीच्या इमारतीचं दार रस्त्यालगत, आणि त्या दारातून आत पाऊल टाकलं की आपण सहाव्या मजल्यावर! तिच्या घरी जायला दोन मजले खाली उतरायचं. इमारतीला आणखी एक दार आहे, ते पार तळाशी, वेगळ्याच नावाच्या रस्त्यावर. पोस्टमन कुठल्या दाराने येतो असं विचारलं, तर म्हणाली, "त्याच्या गुडघ्यांवर अवलंबून आहे."

ही भाची तिथे रोबॉटिक्समध्ये पीएचडी करते. संस्थेचं इटालियन नाव लांबलचक आहे, पण आद्याक्षरं जुळवली की होतं आयआयटी. त्यामुळे रत्नागिरीतल्या निम्म्या नातेवाइकांचा अजून समज आहे की पोरगी पवईला आहे. ताईने तो समज मुद्दाम कधी दूर केलेला नाही.

जेनोआ ही लिगुरिया प्रांताची राजधानी. नकाशात पाहिलं तर फ्रान्सच्या हद्दीपासून टस्कनीपर्यंत समुद्राला कवेत घेतल्यासारखी एक बारीक कमान दिसते, तो हा प्रांत. क्षेत्रफळ सुमारे ५,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा किंचित मोठा. वस्ती पंधरा लाख. सव्होनाच्या मागे आल्प्स संपतात आणि अपेनाइन्स सुरू होतात. एकाची शेपटी आणि दुसऱ्याचं तोंड, मध्ये फट म्हणून नाही. हे डोंगर उत्तरेकडचा गार वारा अडवतात, म्हणून या किनाऱ्यावर लिंबं पिकतात, ऑलिव्ह पिकतं, सानरेमोकडे काचघरांत फुलांची शेती होते. पण त्या बदल्यात डोंगरांनी एक गोष्ट ठेवून घेतली. इटलीच्या सरकारी वर्गवारीत या प्रांताची ६५ टक्के जमीन 'पर्वत' आहे आणि ३५ टक्के 'टेकड्या'. बेरीज करून बघा. सपाटीच्या रकान्यात शून्य येतं.

मी बँकेत बत्तीस वर्षं काढली. शून्य दिसलं की माझे डोळे तिथेच अडकतात.

तीन आठवड्यांत मला हळूहळू उमगलं की त्या मुलखात जे जे सपाट दिसतं ते कुणीतरी केलेलं आहे. विमानतळ समुद्रात भराव टाकून. पश्चिमेकडच्या 'प्रा' या भागातलं कंटेनर बंदर, तेही भरावावर. आता बंदराबाहेर सहा किलोमीटरहून लांब अशी नवी लाटरोधक भिंत उभी करताहेत, काही ठिकाणी ५० मीटर खोल पाण्यात. गावातून समुद्राकडे उतरणाऱ्या दोन दऱ्या आहेत, त्यांतल्या पोलचेव्हेरावर १९६७ साली बांधलेला पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी पावसात कोसळला आणि ४३ माणसं गेली. दोन वर्षांच्या आत तिथे नवा पूल उभा राहिला, आराखडा याच गावच्या रेन्झो पियानो या वास्तुकाराचा. त्यावरून जाताना आमच्या बसमधली कुजबुज थांबली होती, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

गावात चढायला सरकारी लिफ्ट आहेत. इमारतीतली नव्हे, रस्त्यावरची. खालच्या गल्लीतल्या एका बोगद्यात शिरायचं, लाकडी बाकांच्या लिफ्टमध्ये बसायचं आणि कास्तेलेत्तोच्या कठड्यावर बाहेर पडायचं. खाली स्लेटच्या करड्या छपरांची दाटी, मग जहाजांच्या क्रेन, पश्चिमेला लांतेर्ना, म्हणजे ७७ मीटर उंचीचं दीपगृह. ते १५४३ सालचं आहे. छपरांवरची स्लेट पूर्वेकडच्या फोंतानाबुओना खोऱ्यातली; तिथून समुद्रापाशी उतरलं की लाव्हान्या नावाचं गाव लागतं. इटलीभर शाळेतल्या फळ्याला लाव्हान्याच म्हणतात. गावाचं नाव फळ्याला मिळावं, ही मला फार मोठी पदवी वाटते.

आता माणसाकडे नांगरायला जमीन नसेल तर तो काय करतो? आमच्याकडचा माणूस मुंबईला गेला. जेनोआचा माणूस दर्यावर गेला, आणि दर्यावर जाताना वही घेऊन गेला. या दुसऱ्या भागात माझा जीव अडकला.

बंदरासमोर सान जोर्जो नावाची इमारत आहे, १२६० सालची. दर्शनी भिंतीवर रंगवलेली चित्रं आणि तिच्या नाकासमोरून १९६५ सालचा उड्डाणपूल. मुंबईकराला परकं वाटायला नको. व्हेनिसशी वैर असताना कॉन्स्टँटिनोपलमधला व्हेनिशियन लोकांचा वाडा पाडून त्याचे दगड इथे आणून बसवले. १२९८ च्या लढाईच्या सुमाराला धरलेला व्हेनिसचा एक कैदी जेनोआच्या तुरुंगात होता. त्याने सोबतच्या कैद्याला आपल्या प्रवासाच्या हकिगती सांगितल्या आणि त्या सोबत्याने त्या लिहून काढल्या. सांगणारा तो मार्को पोलो. याच इमारतीत त्याला ठेवलं होतं असं गावकरी सांगतात. मला मात्र त्या इमारतीत रस होता तो १४०७ सालापासूनचा. त्या वर्षी तिथे कासा दी सान जोर्जो सुरू झाली. सरकारला ज्यांनी कर्ज दिलं त्यांनी एकत्र येऊन काढलेली ही संस्था. कर्जाच्या बदल्यात सरकारने त्यांच्या हाती कर वसुली दिली, मिठावरचा करही दिला. सरकार आणखी बुडालं तेव्हा १४५३ साली अख्खं कोर्सिका बेट चालवायला दिलं. बँकेकडे तारण म्हणून मी शेतं पाहिली, बागा पाहिल्या, एकदा एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना पाहिला. बेट नाही पाहिलं.

प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा असा दोनदा लिहायचा, या दुहेरी नोंदणीच्या सर्वांत जुन्या वह्यांमध्ये जेनोआच्या नगरखजिन्याच्या १३४० सालच्या वह्या मोजतात. डावीकडे नावे, उजवीकडे जमा, त्यात एक खातं मिरीचं आहे. शहराने मिरी उधारीवर घेतली आणि रोकड उभी करायला विकून टाकली. खातं तोट्यात बंद झालं. तो तोटा वाचताना मला हसू आलं, कारण रोकड उभी करायला तोट्यात माल काढणारे व्यापारी मी दर मार्चमध्ये बघत आलो. ती मिरी त्या काळी मलबाराशिवाय आणखी कुठून आलेली असणार! पुढे ऑक्टोबर १३४७ मध्ये याच शहरात जहाजाच्या विम्याचा एक करार लिहिला गेला; आज हाती असलेल्यांत तो सर्वांत जुना मानतात. आणि त्याच ऑक्टोबरात क्रिमियातल्या काफा ठाण्याकडून आलेली जेनोआची जहाजं सिसिलीत मेसिनाला लागली, पोटात प्लेग घेऊन. पुढच्या काही वर्षांत निम्मा युरोप ओस पडल्यासारखा झाला. धोका लिहून घ्यायला शिकलेलं शहर आणि जगातला सगळ्यात मोठा धोका वाहून नेणारं शहर एकच, तेही एकाच महिन्यात. या योगायोगावर मी दोन संध्याकाळी घालवल्या आणि भाचीने दोन्ही संध्याकाळी सहन केल्या.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते शाळेच्या पुस्तकासारखं होईल. १५२८ साली जेनोआचा दर्यासारंग आंद्रेआ दोरिआ याने स्पेनशी मोट बांधली. अमेरिकेतली चांदी स्पेनच्या राजाकडे यायची आणि राजाच्या लढायांसाठी आगाऊ पैसे जेनोआचे सावकार द्यायचे. त्या पैशांतून पेठेत ओळीने महाल उठले. त्या महालांची एक गंमत आहे. राज्याला पाहुण्यांसाठी स्वतःचा वाडा नव्हता. मग १५७६ पासून खासगी महालांच्या याद्या केल्या, त्यांना 'रोल्ली' म्हणत. परदेशातून राजा, सरदार, वकील कुणी आला की यादीतून चिठ्ठी निघायची आणि ज्याचं नाव निघेल त्याने पाहुणचार करायचा. पाव्हणे सरकारचे, खर्च शेटजीचा. त्यांतल्या ४२ महालांना २००६ साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. काटकसरीला एवढा मान मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

कोर्सिका मात्र आवरेना. १७६८ साली जेनोआने ते फ्रान्सच्या हवाली केलं. दुसऱ्या वर्षी १५ ऑगस्टला त्या बेटावर एक मूल जन्मलं, फ्रेंच प्रजा म्हणून. तोच नेपोलियन १७९७ मध्ये जेनोआचं जुनं प्रजासत्ताक मोडून गेला आणि १८०५ मध्ये सान जोर्जोच्या बँकेलाही टाळं लागलं. बुडीत मालमत्ता विकताना ती कुणाच्या हातात जाते ते पाहावं, असं आमचे एक रिजनल मॅनेजर म्हणायचे. ते अर्थात रोह्याच्या एका गिरणीबद्दल बोलत होते.

बँकेला टाळं लागलं त्याच १८०५ साली व्हिया लोमेल्लीनीतल्या एका घरात ज्युसेप्पे मॅझिनी जन्मला, इटली एक व्हावी म्हणून झटलेला क्रांतिकारक. दहा वर्षांनी, नेपोलियन पडल्यावर, व्हिएन्नाच्या बैठकीत जेनोआ न विचारताच सार्डिनियाच्या राजाला देऊन टाकलं गेलं. ज्या गावाने शेकडो वर्षं प्रजासत्ताक चालवलं त्याच्यावर राजा येऊन बसला. मॅझिनीचं आयुष्यभराचं प्रजासत्ताकाचं वेड त्या घटनेत कुठेतरी रुजलं असावं, असं मला वाटतं. मॅझिनी हे नाव मराठी घरात परकं नाही. सावरकरांनी लंडनमध्ये त्याच्या लेखनाचा मराठी अनुवाद केला, १९०७ साली ते पुस्तक इकडे निघालं आणि इंग्रज सरकारने ते जप्त केलं. माझे आजोबा कुणाच्याही हट्टीपणाला 'मॅझिनीचा अवतार' म्हणत. लहानपणी मला तो कुणी कीर्तनकार असावा असं वाटे. त्या घरात आता संग्रहालय आहे. मी गेलो त्या दिवशी आत मी, भाची आणि तिकीटखिडकीवरच्या बाई एवढेच होतो. मी भारतातून आलो हे ऐकून बाईंनी आश्चर्य दाखवलं नाही. बहुधा आधी कुणीतरी मराठी माणूस येऊन गेला असावा.

आणखी एक नातं सांगायलाच हवं, कारण ते अंगावर घालून आपण हिंडतो. जेनोआला फ्रेंच भाषेत 'झेन' म्हणतात. त्या गावावरून जाणाऱ्या जाड सुती कापडाला ते नाव चिकटलं आणि त्याचं पुढे 'जीन्स' झालं. जाड कापडाचा दुसरा शब्द 'डंगरी', तो आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून. दोन्ही बंदरं, दोन्ही कापडं खलाशांच्या आणि हमालांच्या अंगावरची. आणि डोंगरीचं नाव कुठून, तर डोंगरावरून! तिथल्या एका संग्रहालयात सोळाव्या शतकातले निळे लिननचे पडदे टांगलेत, त्यांवर पांढऱ्या रंगाने येशूच्या अखेरच्या दिवसांची चित्रं काढली आहेत. काळोख्या खोलीत ती निळाई बघताना मला आमच्या शेजारच्या गॅरेजमधला मेकॅनिक आठवला. धार्मिक प्रसंगी मन असं भलतीकडे जातं.

खाण्याचं आता आवरत नाही. जुन्या गावातल्या गल्ल्यांना 'कारुज्जी' म्हणतात. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशा. त्यांतल्या एका गल्लीत लाकडाची भट्टी पेटलेली होती. भट्टीच्या तोंडाशी मळकट बनियनमधला माणूस मीटरभर व्यासाची तांब्याची, आतून कल्हई केलेली उथळ परात घेऊन उभा. परातीत तेल, त्यावर पातळ पिवळं पीठ. लांब दांड्याने त्याने परात आत सरकवली, दहाएक मिनिटांनी ओढून काढली. वर सोनेरी डाग, कडा करपट, मध्ये मऊ. मिरपूड भुरभुरवली, सुरीने ओबडधोबड तुकडे पाडले आणि कागदावर दिले. एक घास घेतला आणि मी भाचीकडे बघितलं. ती हसत होती. "बेसन आहे, मामा."

बेसनच! हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल, मीठ. नाव फारिनाता. भिजवलेलं पीठ काही तास ठेवतात, वर आलेला फेस काढून टाकतात. फोडणी नाही, हळद नाही, मिरची नाही, तरी ओळख पटते. लांबच्या चुलतभावाची चालण्यावरून पटते तशी. गावकरी सांगतात की १२८४ साली पिसाला हरवून परतताना जहाजात वादळाचं पाणी शिरलं, हरभऱ्याचं पीठ आणि तेल सांडून लगदा झाला, खलाशांनी तो उन्हात वाळवून खाल्ला आणि हा पदार्थ निघाला. जगातल्या प्रत्येक गावात असा एखादा अपघाताने लागलेला पदार्थ असतो आणि त्या अपघाताच्या वेळी हजर असलेलं कुणीच नसतं. दुसऱ्या दिवशी पानिस्सा मिळाली. हेच पीठ घट्ट शिजवून, थापून, गार करून वड्या पाडायच्या आणि तळायच्या. पाटवडीच! मी फोनवर ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्यांच्याकडे रस्सा कसला करतात?" रस्सा करत नाहीत म्हटल्यावर तिचा त्या लोकांवरचा विश्वास उडाला.

पेस्टोबद्दल, म्हणजे बेझिलच्या पानांच्या तिथल्या चटणीबद्दल, सगळेच बोलतात. मी एवढंच सांगेन की प्राच्या काचघरांतली बेझिल कोवळी, बोटाच्या पेराएवढ्या पानांची असतानाच मुळासकट उपटतात. ती आपल्या तुळशीची सख्खी जातवाली. मी खलात घातलेली पानं लाकडी बत्त्याने दणादण कुटायला लागलो तेव्हा घरमालकीणबाईंनी माझा हात धरला. कुटायचं नाही, खलाच्या कडेने फिरवत चिरडायचं. तिकडे मला कुणी हात धरून शिकवलेली ही पहिली गोष्ट. दुसरी पुढे येते.

घरमालकीणबाई ब्याऐंशीच्या. लिगुरिया हा इटलीतला सर्वांत म्हातारा प्रांत. दर चार माणसांत एकाहून जास्त पासष्टीपुढचा. बाईंकडे दिवसभर इक्वाडोरची एक बाई असते, कारमेन म्हणू या. जेनोआत इक्वाडोरची वस्ती मोठी आहे, त्यांतल्या कितीतरी बाया म्हाताऱ्यांची उस्तवार करतात. आणि बाईंच्या दिवाणखान्यात एक फोटो आहे, त्यांच्या आजोबांच्या भावाचा, ब्वेनोस आयरेसला काढलेला. एकोणिसाव्या शतकात या बंदरातून लिगुरियाची माणसं अर्जेंटिनाला गेली ती हजारोंनी. तिथल्या ला बोका बंदरवस्तीत जेनोआची बोली घुमायची. त्या वस्तीतल्या फुटबॉल क्लबला आजही 'सेनेइसे', म्हणजे जेनोआवाले म्हणतात. तेव्हा इकडून तिकडे गेले, आता तिकडून इकडे येताहेत. कारमेन आणि बाई दुपारी एकत्र बसून स्पॅनिश मालिका बघतात. दोघींचं एकमेकींशी सतत भांडण चालतं आणि एकीला दुसरीवाचून जेवण जात नाही.

(फुटबॉलवरून आठवलं. जेनोआचा क्लब १८९३ साली तिथल्या इंग्रजांनी काढला. त्याच्या नावात अजून 'क्रिकेट' आहे, आणि फुटबॉलच्या आधी आहे. गल्लीतल्या दुकानात क्लबचा मफलर घेताना मी दुकानदाराला याबद्दल विचारलं. क्रिकेट म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं.)

बाईंकडून एक शब्द शिकलो, 'मुगुन्यो'. कुरकुर. आवाज न चढवता, कुणालाही उद्देशून नसलेली, सकाळपासून रात्रीपर्यंत चालणारी. आख्यायिका अशी की पूर्वी जेनोआच्या खलाशांना नोकरीचे दोन करार पुढे ठेवत. एकात पगार जास्त पण कुरकुरीला बंदी, दुसऱ्यात पगार कमी पण कुरकुरायची मुभा. जेनोआचा माणूस दुसऱ्यावर सही करायचा. खरं-खोटं देव जाणे, पण माझ्या बँकेत असे दोन करार असते तर आमची अख्खी शाखा दुसऱ्या रांगेत उभी राहिली असती, मी सर्वांत पुढे.

तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. फोनवर लाल इशारा आला, शाळा बंद, बागा बंद, दफनभूमीही बंद. मी हसलो. कोकणातला माणूस पावसाच्या इशाऱ्याला हसणारच. भाचीने मग मला आकडे ऐकवले. ऑक्टोबर १९७० मध्ये जेनोआजवळच्या बोल्झानेतोला चोवीस तासांत ९४८ मिलिमीटर पाऊस पडला होता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला पडला तो ९४४. मी हसायचा थांबलो. समुद्र उन्हाळाभर तापतो, शरदात त्याची वाफ वर चढते आणि पाठीमागच्या डोंगरावर आपटून तिथल्या तिथे कोसळते. खाली उतार इतका तीव्र की पाण्याला वाटेत थांबायला जागाच नाही. थांबायला जागा नाही हे खरं, पण बिसान्यो नदीला तर जायलाही जागा ठेवली नाही. गावात सपाटी हवी म्हणून १९३० च्या सुमारास तिच्या शेवटच्या टप्प्यावर छत घालून वर रस्ते केले. १९७० ला पूर आला, चाळीसहून जास्त माणसं गेली. २०११ ला शेजारच्या ओढ्याने सहा माणसं नेली, २०१४ ला बिसान्यो पुन्हा चढली. ब्रिन्योले स्टेशनाजवळ आपण ज्या सपाट, रुंद, झाडं लावलेल्या रस्त्यावर उभे असतो तो नदीच्या छातीवर घातलेला पाट आहे.

दोन दिवसांनी ऊन पडलं आणि आम्ही चिंक्वे तेर्रेला गेलो. जेनोआहून ला स्पेत्सियाकडची ही रेल्वे १८७४ सालची. बोगदा, समुद्राचा एक निळा तुकडा, पुन्हा बोगदा. कोकण रेल्वेत बसल्यासारखंच, फक्त बाहेर गारगार समुद्र. पाच गावं: मोंतेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला, रिओमाज्जोरे. स्टेशनला पुरेशी जागा नसल्याने गाडीचे काही डबे बोगद्यातच थांबतात. पाचही गावांत मिळून जेमतेम चार हजार माणसं, पाहुणे वर्षाला लाखोंनी. रिओमाज्जोरेच्या उतारावर चिकटून चाललेली गर्दी बघून मला श्रावणातलं त्र्यंबक आठवलं. त्या गर्दीतून भोंगा वाजवत एक तीनचाकी टेम्पो वर चढत होता, मागे खोकी भरलेली. मी ओरडलोच, "आपे!" आपेच होती. प्याज्जो कंपनीची, आपल्याकडे बारामतीला बनते तीच जात. कंपनी १८८४ साली जेनोआच्या सेस्त्री पोनेंतेत सुरू झालेली. इटालियनमध्ये आपे म्हणजे मधमाशी, आणि तिची थोरली बहीण व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. दहा वर्षं मी आपेतून शाखेत जात होतो आणि आपण मधमाशीत बसतो हे मला ठाऊक नव्हतं.

गर्दी पहिल्या दोनशे पायऱ्यांपर्यंतच असते. आम्ही मानारोलाहून वर व्होलास्त्राकडे गेलो. भाचीच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचे वडील तिथे राहतात, त्यांची द्राक्षांची थोडी बाग आहे. बाग हा शब्द मोठा वाटेल. डोंगराच्या अंगावर एकाखाली एक पट्ट्या, कुठे दोन मीटर रुंद, कुठे एवढीही नाही, आणि प्रत्येक पट्टीला आधार देणारी दगडी भिंत, चुना-सिमेंटाचा कणही न लावता रचलेली. आपल्याकडे तिला गडगा म्हणतात. आमच्या परसाला जांभ्याचा गडगा होता. पण तो आमची हद्द दाखवायचा, कुत्र्यांना अडवायचा. इथला गडगा जमीनच धरून ठेवतो. तो नसेल तर जमीन नाही. शंभर, दोनशे नव्हे, हजारो किलोमीटर भरतील असे गडगे या पाच गावांच्या डोंगरांवर आहेत, आणि १९९७ साली युनेस्कोने इथला वारसा मान्य केला तो या गडग्यांच्या जोरावर.

गेली कित्येक वर्षं ते पडताहेत. १८६० च्या दशकात ला स्पेत्सियाला आरमाराची गोदी झाली. माणसं तिथे कामाला गेली, सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ शेतही करत राहिली. मग रेल्वे, कारखाने, नंतर हॉटेलं. खाली खोली भाड्याने दिली तर एका रात्रीत जे मिळतं ते वर महिनाभर राबूनही मिळत नाही, त्यात कुणाला दोष द्यायचा? वरच्या पट्ट्यांत झुडपं माजली. झुडपांच्या मुळांनी दगड सैल झाले, रानडुकरांनी उकरले. २५ ऑक्टोबर २०११ ला काही तासांत तुफान पाऊस झाला तेव्हा डोंगर चिखल होऊन व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोच्या गल्ल्यांतून वाहिला आणि पहिल्या मजल्यापर्यंत भरला.

म्हातारबाबा पट्टीवर वाकून काम करत होते. आदल्या पावसात त्यांचा दोन हात लांबीचा गडगा बसला होता. बाजूच्या भिंतीकडे बोट दाखवून त्यांनी पोटासमोर हाताने फुगा केला. मला भाचीची गरज पडली नाही. गडग्याला पोट आलंय, आमच्याकडेही असंच म्हणतात. पोट आलं की पुढच्या पावसात तो जाणार. शेजारून एकच दातेरी रूळ डोंगरावरून खाली गेला होता. द्राक्षांची क्रेट खाली न्यायला त्यावरून छोटी इंजिनगाडी चालते. ती नव्हती तेव्हा बायका ओझी डोक्यावरून न्यायच्या, असं त्यांनी सांगितलं, आणि स्वतःच्या मानेवर हात फिरवला. त्यांच्या आईची मान कशी झाली होती, ते दाखवत असावेत.

मी बाजूच्या ढिगातून दगड देऊ लागलो. तळाला मोठे, मागे डोंगराकडे किंचित कललेले. प्रत्येक दगड खालच्या दोघांवर बसला पाहिजे, सांध्यावर सांधा येता कामा नये. आणि भिंतीमागे बारीक कपचीची भर, तीच मोठी मेख. पाणी कपचीतून झिरपून गेलं पाहिजे, भिंतीमागे साठलं की भिंत गेली. म्हणून सिमेंट चालत नाही. पाण्याला अडवणारी भिंत पडते, पाण्याला वाट देणारी टिकते, हे त्यांनी मला समजावलं नाही. कपचीवर बादलीभर पाणी ओतून दाखवलं. खालच्या ओळीतल्या फटींतून ते बारीक धारांनी बाहेर आलं.

अर्ध्या तासाने माझी भीड चेपली. ढिगातला एक छान, चौकोनी, बँकेच्या वहीसारखा दगड मी उचलला आणि स्वतःच रचला. नीट बसला, हलेना. भाचीने फोटो काढला. म्हातारबाबांनी हातातलं काम थांबवलं, माझ्या दगडाकडे बघितलं, दोन्ही हातांनी तो काढला, उलटा फिरवला, त्याचं देखणं तोंड आत डोंगराकडे केलं, ओबडधोबड बाजू बाहेर ठेवली, हातोडीचे दोन ठोके घातले आणि काही न बोलता पुढच्या दगडासाठी माझ्यापुढे हात केला.